कॅलिफोर्नियातील उद्यान शुल्क : कोणाला लागू, कसे ठरते आणि अर्जासोबत काय जोडावे

कॅलिफोर्नियात भूखंड पाडून नवी घरे बांधणाऱ्याने उद्यानासाठी जमीन द्यावी किंवा तिच्या बदल्यात शुल्क भरावे, अशी अट शहराला किंवा कौंटीला क्विम्बी कायद्यानुसार, म्हणजेच शासकीय संहितेच्या कलम ६६४७७ नुसार, घालता येते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये वॉलनट क्रीक शहराच्या खटल्यात ही तरतूद वैध ठरवली. मात्र ती आपोआप लागू होत नाही. त्यासाठी शहराचा स्वतःचा उपविधी लागतो आणि तात्पुरते रेखांकन (भूखंड पाडण्याचा मंजुरीसाठी दिलेला प्राथमिक नकाशा) दाखल होण्यापूर्वी तो किमान ३० दिवस अमलात असावा लागतो. त्यामुळे दरपत्रक उघडण्याआधी उपविधीची तारीख पाहणे शहाणपणाचे ठरते.

५० किंवा त्याहून कमी भूखंडांच्या रेखांकनात केवळ शुल्क मागता येते, जमीन नाही. परंतु ५० पेक्षा अधिक सदनिकांच्या कॉन्डोमिनियमकडून (स्वतंत्र मालकीच्या सदनिकांच्या संकुलाकडून), भूखंड कमी असले तरी, जमीन मागता येते. व्यापारी व औद्योगिक रेखांकनांना हे कलम लागू नाही. पाच वर्षांहून जुन्या इमारतीतील भाड्याची घरे नवी घरे न वाढवता कॉन्डोमिनियममध्ये बदलली, तर तीही यातून वगळली जातात. भूखंड न पाडता बांधलेल्या भाड्याच्या इमारती क्विम्बीत येत नाहीत. पण म्हणून शुल्क टळलेच असे नव्हे, कारण सॅन होजेसारख्या शहरांत त्यांच्यासाठी निराळा उपविधी आहे. घराच्या आवारात ७५० चौरस फुटांपेक्षा लहान जोडघर बांधणाऱ्याला मात्र राज्याच्या कायद्यानेच अशा शुल्कातून सूट आहे.

महाराष्ट्रातील विकास शुल्क रेडी रेकनरच्या दराच्या टक्केवारीने ठरते. कॅलिफोर्नियात हिशेब माणशी होतो. दर हजार रहिवाशांमागे उद्यानाची तीन एकर जमीन ही मर्यादा आहे आणि शहरातील सध्याची उद्याने त्याहून अधिक असतील, तर ती पाच एकरांपर्यंत जाते. समजा, २० घरे आहेत आणि घरटी सरासरी तीन माणसे धरली, तर ६० रहिवाशांसाठी ०.१८ एकर होतात. जमिनीचा भाव एकरी ३० लाख डॉलर धरल्यास शुल्क ५,४०,००० डॉलर, म्हणजे घरटी २७,००० डॉलर येते. भाव कोणत्या तारखेचा आणि कोणी ठरवलेला, हे शहरागणिक बदलते. वाद बहुधा तिथेच होतो.

तात्पुरत्या रेखांकनाच्या अर्जासोबत सर्वसाधारणपणे मालकीहक्काचा अहवाल, जमिनीचे कायदेशीर वर्णन आणि घरांच्या प्रकारानुसार संख्येचा तक्ता द्यावा लागतो. प्रकल्पातील खासगी मैदान किंवा खेळण्याच्या जागेची वजावट हवी असल्यास तिचे मोजमाप याच टप्प्यावर जोडावे. पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांची सूट शहर देत असेल, तर त्यांचे पुरावेही द्यावेत. शुल्क कधी भरायचे, अंतिम रेखांकनाच्या वेळी की बांधकाम परवाना घेताना, हे उपविधीत दिलेले असते.

आकारणी मान्य नसल्यास पूर्ण रक्कम भरून, किंवा ती भरण्याची खात्रीलायक व्यवस्था दाखवून, ९० दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवावी लागते. केवळ तोंडी तक्रार करून परवाना अडवून ठेवण्यात अर्जदाराचेच नुकसान होते.

जमा झालेला पैसा नवी उद्याने उभारण्यासाठी किंवा असलेल्यांच्या पुनर्विकासासाठीच वापरता येतो. माळ्यांचे पगार किंवा गवत कापणे यांवर नव्हे. शुल्क भरल्यापासून, किंवा निम्म्या भूखंडांना बांधकाम परवाने मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतर घडेल तेव्हापासून पाच वर्षांत ही रक्कम ठरावीक कामाला बांधून द्यावी लागते. तसे न झाल्यास ती भूखंडांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात परत द्यावी लागते, आणि तीही मूळ बिल्डरला नव्हे, तर त्या वेळी नोंदीवर असलेल्या मालकांना.