घातचतुर्दशी

भाद्रपद वद्य चतुर्दशी. शस्त्राने, अपघाताने किंवा अन्य घाताने मरण आलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षात या तिथीला करतात. पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे छापलेले असते. मराठवाड्यात लढाईत कामी आलेल्या जवानाचे पितर ज्या घरांत वेगळे घालतात, ती घरे हाच दिवस धरतात. बाकीची दुसऱ्या दिवशी सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर त्याचेही पान वाढतात.

एरवी पितृपक्षातले श्राद्ध मृत्यूच्या तिथीला होते. चतुर्दशी तेवढी अपवाद. अंथरुणावर चतुर्दशीला गेलेल्या माणसाचे श्राद्ध त्या दिवशी होत नाही, ते अमावास्येला सरकते. आणि शस्त्राने मेलेला कोणत्याही तिथीला गेलेला असो, त्याचा दिवस हाच. नियम याज्ञवल्क्य स्मृतीतला. कमलाकरभट्टाच्या 'निर्णयसिंधू'तही (१६१२) श्राद्धतिथींचा खल आहे. काशीत बसून लिहिणाऱ्या या भट्टाचे घराणे मूळचे पैठणचे. हे श्राद्ध एकोद्दिष्ट, म्हणजे त्या एकाच्याच नावाने असते.

फौजी घराला या नियमाचा खरा उपयोग मरणतिथी ठाऊक नसते तेव्हा होतो. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पडलेल्यांचे अंत्यसंस्कार बहुतेक करून सीमेकडेच उरकले. गावी पोचली ती तार. तार हाती पडली तो दिवस आणि मरणाचा दिवस यांत अंतर किती, हे घरात कोणाला सांगता येत नसे. वर्षश्राद्धासाठी धर्मशास्त्राने आणखी एक सोय ठेवली आहे: मृत्यूचा महिना आणि तिथी दोन्ही कळत नसतील, तर माणूस घरातून निघाला तो दिवस धरावा, तोही माहीत नसेल तर बातमी कानी आली तो. शास्त्रकारांना एस.टी. ठाऊक नव्हती, पण रजा संपवून ट्रंक उचलून निघालेल्या मुलाचा दिवस आई विसरत नाही, एवढे त्यांना नक्की ठाऊक असावे.

कारगिलच्या युद्धापासून (१९९९) पार्थिव तिरंग्यात गावापर्यंत येते. तारीख कागदावर असते, त्या तारखेला पुतळ्याला हार पडतो, शाळेत भाषणे होतात. घरातले पितर मात्र तारखेवर जात नाहीत.

मुस्लीम घरांत शब-ए-बारातला कबरस्तानात जाऊन फातिहा पढतात. बौद्ध घरांत श्राद्ध नाही. स्मृतिदिनी बुद्धवंदना आणि पुण्यानुमोदन होते.

चतुर्दशीचा स्वयंपाक इतर पितरांसारखाच: खीर, कढी, वडे, गवार-भोपळ्याची भाजी. निखाऱ्यावर तूप-भाताची आगारी टाकतात आणि दुपारी कावळ्यासाठी एक पान माळवदावर नेतात. माळवदाची घरे आता थोडीच उरली. ते पान स्लॅबवर, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवले जाते.