तोलेदो: कमान एकाची, राज्य दुसऱ्याचे

स्पेनमधल्या तोलेदोत एक चूक हमखास होते: घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान दिसली की ती वास्तू मुस्लीम राजवटीतली समजायची. इथे कमानीवरून घडवणाऱ्याची परंपरा कळते, राज्य कोणाचे होते ते कळत नाही. त्यासाठी सालेच बघावी लागतात.

त्याआधी स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ या जर्मानिक वंशाच्या राजांची ही राजधानी आठव्या शतकाच्या आरंभी मुस्लीम फौजांच्या हाती गेली. त्या काळातली छोटी मशीद आज 'क्रिस्तो दे ला लूस' म्हणून ओळखली जाते. ती ९९९ सालची, जेमतेम आठ मीटर लांब-रुंद. चार खांबांवर नऊ छोटे घुमट, प्रत्येकाची रचना निराळी. खांबांची शीर्षे मात्र जुन्या व्हिसिगॉथ इमारतींतली. पुढे तिचे चर्च झाले तेव्हा मागचा अर्धगोल भागही तशाच विटकामात वाढवला, त्यामुळे जोड चटकन कळत नाही.

१०८५ मध्ये कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याच्या सहाव्या आल्फोन्सो राजाने शहर तहाने घेतले. मोठी मशीद मुसलमानांकडेच राहील असे कबूल केले होते. थोड्याच वर्षांत तिचे चर्च झाले. आजचे कॅथेड्रल त्याच जागी तेराव्या शतकात सुरू झाले.

उभी असलेली दोन्ही जुनी सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, या ख्रिस्ती अमलातली आहेत. सांता मारिया ला ब्लांकामध्ये अष्टकोनी खांब आणि पांढऱ्या नालाकृती कमानी पाहून मशिदीतच आल्यासारखे वाटते. एल त्रान्सितो राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने १३५७ च्या सुमारास बांधवले. त्याच्या गिलाव्यात हिब्रू आणि अरबी लेख आहेत, शिवाय कॅस्टिलची राजचिन्हेही.

बाराव्या शतकातल्या भाषांतरकारांमुळे शहराचे नाव झाले. अरबी जाणणारा मजकूर बोलीभाषेत सांगे, दुसरा तो लॅटिनमध्ये उतरवी. त्याआधी, १०६८ मध्ये, इथल्या काझी साईद अल-अंदलुसी यांनी विद्याप्रेमी राष्ट्रांच्या यादीत भारताला पहिले स्थान दिले होते.

'तीन संस्कृतींचा सलोखा' ही मात्र पर्यटनाची गोड भाषा. १३९१ मध्ये ज्यू वस्तीवर हल्ले झाले. १४४९ मध्ये धर्मांतरित ज्यूंच्या वंशजांना शहराची पदे बंद झाली. १४९२ मध्ये बाप्तिस्मा नाकारणाऱ्या ज्यूंना देश सोडावा लागला आणि त्यानंतर एल त्रान्सितो कालात्रावा या लष्करी धर्मसंघाकडे गेले. तिथे आता सेफार्दी, म्हणजे स्पेनमधल्या ज्यूंचे, संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते, म्हणून माद्रिदहून येण्याचा दिवस त्या हिशेबाने ठरवावा.