पँथर रणगाडा: चिलखत भक्कम, दाते कच्चे

१९४१ साली रशियात घुसलेल्या जर्मन फौजांची गाठ टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याशी पडली. त्याच्या तिरक्या चिलखतावरून जर्मन तोफांचे गोळे निसटून जाऊ लागले. त्यावर उतारा म्हणून ‘मान’ कंपनीने पँथर घडवला.

तिरक्या चिलखताचं गणित सोपं आहे. पँथरची पुढची प्लेट ८० मिलिमीटर जाड, पण उभ्या रेषेपासून ५५ अंश कललेली. त्यामुळे समोरून येणाऱ्या गोळ्याला सुमारे १४० मिलिमीटर पोलाद फोडावं लागे. बाजूला मात्र जेमतेम ४० मिलिमीटर. तिथे गोळा बसला की खेळ खलास. तोफेची नळी सव्वापाच मीटर लांब. लांब नळीत वायूंना गोळा ढकलायला वाव जास्त मिळतो, म्हणून तो सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने सुटे.

खरी गोम पोटात होती. मूळ बेत ३०-३५ टनांचा. चिलखत वाढवता वाढवता वजन ४५ टनांवर गेलं. इंजिन ७०० अश्वशक्तीचं, तेव्हा जोर भरपूर होता. पण तो चाकांभोवतीच्या पोलादी पट्ट्यांपर्यंत पोचवणारा शेवटचा टप्पा, म्हणजे फायनल ड्राइव्ह, तेवढ्या ताकदीचा नव्हता. इथे खरं तर ग्रहमालेसारखी गिअररचना हवी होती: मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात आणि भार वाटून घेतात. तसे गिअर कापणारी यंत्रं जर्मनीत अपुरी, म्हणून साधी, सरळ दात्यांची चाकं बसवली. त्यांत सगळा भार एका वेळी एक-दोन दात्यांवर येतो. चिखलात वळताना ते तुटत. युद्धानंतर पँथर वापरणाऱ्या फ्रेंच सैन्याने या भागाचं सरासरी आयुष्य नोंदवलं, १५० किलोमीटर!

जुलै १९४३ मध्ये रशियातल्या कुर्स्कला २०० पँथर पहिल्यांदा लढाईत उतरले. ५ जुलैला हल्ला सुरू झाला आणि १० तारखेच्या संध्याकाळी लढण्याजोगे उरले जेमतेम दहा. काही सुरुंगांनी, काही गोळ्यांनी, तर बरेच स्वतःच्याच बिघाडांनी बसले. इंजिनला आगही लागे. माघार घेताना ४५ टनांचं धूड ओढून न्यायची सोय नसे, मग जर्मन सैनिकच ते सुरुंगाने उडवत.

पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण एकूण पँथर बनले सहा हजारांच्या आसपास, तर टी-३४ पन्नास हजारांहून जास्त. शेवटी शेवटी पोलाद चिवट करणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूची टंचाई झाली, पोलाद ठिसूळ होऊ लागलं आणि गोळा आरपार न जाताही पुढची प्लेट तडकायला लागली.