स्टॅक होणारे स्विच: हबच्या काळातली सोय आजच्या बजेटपर्यंत कशी आली

ऑफिससाठी २४ किंवा ४८ पोर्टचे स्विच (ऑफिसमधली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारे डबे) घ्यायला निघालं की कोटेशनमध्ये 'स्टॅकेबल' हा शब्द हमखास दिसतो, म्हणजे असे अनेक स्विच जोडून एकच स्विच असल्यासारखे वापरता येणारे. त्या सोयीमुळे स्विचची किंमत चढते. स्टॅकची केबल वेगळी घ्यावी लागते आणि काही मॉडेलांना मॉड्यूलही वेगळं लागतं. बजेट मर्यादित असेल तर हा खर्च नेमका कशासाठी करायचा, हे आधी कळायला हवं. त्याचं उत्तर या सोयीच्या इतिहासात सापडतं, कारण ज्या अडचणीसाठी स्टॅकिंग जन्माला आलं ती अडचण केव्हाच संपली आहे.

केबलने यंत्रं जोडायच्या इथरनेट या पद्धतीची सुरुवात १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात झाली. तेव्हा एकाच जाड केबलवर सगळी यंत्रं जोडलेली असत. १९९० मध्ये १०बेस-टी हे मानक आलं आणि प्रत्येक टेबलापासून एक स्वतंत्र केबल हब नावाच्या जोडणीच्या डब्यापर्यंत जाऊ लागली. केबल टाकणं सोपं झालं, पण आतला कारभार जुनाच राहिला. हब एका पोर्टवर आलेला सिग्नल बाकीच्या सगळ्या पोर्टांवर तसाच पाठवून देई. दोन यंत्रांनी एकाच वेळी पाठवायला सुरुवात केली की सिग्नलची टक्कर होई, आणि आपली फ्रेम (माहितीचा एक तुकडा) पाठवून संपण्याआधी ती टक्कर पाठवणाऱ्याला कळणं आवश्यक होतं. सर्वात लहान फ्रेम ५१२ बिटांची. १० मेगाबिटच्या वेगात तिला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. सिग्नलचं जाणं-येणं या वेळेत बसायला हवं, म्हणून कोणत्याही दोन यंत्रांच्या मध्ये जास्तीत जास्त चार रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारी यंत्रं) असा नियम होता. हब हाही रिपीटरच. त्यामुळे माणसं वाढली म्हणून हबला हब, त्याला आणखी एक हब असं जोडत जाणं शक्य नव्हतं.

इथे स्टॅक होणारा हब कामाला आला. एकावर एक ठेवलेले हब मागच्या बाजूने खास केबलने असे जोडायचे की त्यांचा आतला मार्ग एकच होईल. डबे कितीही दिसोत, हिशेबात एकच रिपीटर धरला जाई. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचं फास्ट इथरनेट आलं तेव्हा तोच वेळ ५.१२ मायक्रोसेकंदांवर आला. आता मार्गात फार तर दोन रिपीटर चालत, आणि सिग्नलला जास्त वेळ लावणारा 'क्लास वन' प्रकारचा असेल तर एकच. पोर्ट वाढवायचे तर स्टॅकशिवाय फारसा पर्याय उरला नाही. थ्रीकॉमची सुपरस्टॅक आणि बे नेटवर्क्सची बेस्टॅक ही नावंच त्या काळाची साक्ष देतात.

दरम्यान १९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. स्विच प्रत्येक फ्रेम ज्याची त्यालाच देतो, त्यामुळे टक्करीचा प्रश्न त्या त्या पोर्टपुरता उरतो. १९९७ मध्ये फुल-डुप्लेक्सचं, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी पाठवण्याचं, मानक आल्यावर तोही उरला नाही. रिपीटर मोजण्याची गरज संपली. एका स्विचमधून दुसऱ्यात साधी केबल टाकली तरी नेटवर्क नीट चालू लागलं.

तरीही स्टॅकिंग टिकलं, ते पैशांमुळे. मोठ्या नेटवर्कमध्ये चॅसिस स्विच वापरत: एक मोठी चौकट, तिच्यात खाचा, आणि गरजेप्रमाणे बसवायची पोर्टांची कार्डं. सगळं एकाच ठिकाणाहून सांभाळता येई, पण पहिल्या दिवशीच रिकाम्या खाचा, मोठे पॉवर सप्लाय आणि नियंत्रक कार्ड यांचे पैसे मोजावे लागत. स्टॅकमध्ये आज एक डबा घ्यायचा आणि पुढच्या वर्षी दुसरा. मला ही कल्पना आजही पटते, कारण वाढत्या ऑफिसचा पैसा असाच टप्प्याटप्प्याने येतो.

आधीचे प्रयत्न मात्र अर्धेमुर्धे होते. १९९० च्या दशकाच्या शेवटी सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३५०० एक्सएल मालिकेत गिगास्टॅक मॉड्यूलने स्विचची साखळी करता येई आणि एकाच आयपी पत्त्यावरून त्यांचा कारभार पाहता येई. पण प्रत्येक स्विच आतून स्वतंत्रच राहिला. साखळीत दोनाहून जास्त स्विच झाले की तो एक गिगाबिट सगळ्यांत वाटला जाई, तोही हाफ-डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने.

खरा बदल २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० आणि स्टॅकवाइजने झाला. नऊपर्यंत स्विच एका वर्तुळात जोडले जात आणि बाहेरून एकच स्विच दिसत. त्यातला एक मास्टर, म्हणजे सगळ्यांचा कारभार पाहणारा, असतो. मास्टर बंद पडला तर प्राधान्यक्रमाप्रमाणे दुसरा पुढे येतो. वर्तुळातली एक केबल निघाली तरी वाहतूक उलट्या दिशेने फिरून पोचते, पण क्षमता निम्मी होते. जाहिरातीत या वर्तुळाची क्षमता ३२ गिगाबिट अशी असे. प्रत्यक्षात ते १६ गिगाबिटचे विरुद्ध दिशांना फिरणारे दोन मार्ग होते. शिवाय पहिल्या पिढीत त्याच डब्याच्या एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर जाणारं पॅकेटही वर्तुळाची फेरी मारून येई. पुढच्या स्टॅकवाइज प्लसमध्ये हे सुधारलं. स्टॅकच्या क्षमतेचा आकडा वाचताना तो एका दिशेचा आहे की दोन्ही दिशांची बेरीज, हे आजही विचारावं.

स्टॅकवाइजची सर्वात लांब केबल तीन मीटरची. म्हणजे स्टॅक शेजारच्या रॅकपर्यंत जाईल, वरच्या मजल्यावर नाही. २००८ मध्ये ज्युनिपरच्या ईएक्स४२०० ने व्हर्च्युअल चॅसिस या आपल्या स्टॅकिंगच्या पद्धतीत अपलिंक पोर्टही (एरवी दुसऱ्या स्विचकडे जोडायचे) स्टॅकसाठी वापरू दिले, त्यामुळे फायबरवरून लांबचे स्विच एकत्र आणता आले. ऑफिस दोन मजल्यांवर असेल तर ही पद्धत जास्त उपयोगी.

याच काळात स्टॅकची बरीच कामं इतर मानकांनी उचलली. २००० मध्ये अनेक केबल मिळून एक जोडणी करण्याचं ८०२.३एडी आलं. २००१ मध्ये रॅपिड स्पॅनिंग ट्री आलं आणि केबल तुटल्यावर पर्यायी मार्ग काही सेकंदांत, बहुतेकदा त्याहूनही लवकर, मिळू लागला. पुढे १० गिगाबिटचे एसएफपी+ पोर्ट (फायबर किंवा केबलचं मॉड्यूल बसवायची खाच) मध्यम किमतीच्या स्विचमध्येही आले आणि कंट्रोलरमुळे सगळे स्विच एका स्क्रीनवरून सांभाळता येऊ लागले. स्टॅकचं खास असं जे उरलं ते मोजकं: एकाच सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या डब्यांत टाकून त्यांची एकच जोडणी करता येते, आणि एक डबा गेला तरी सर्व्हर चालू राहतो. महागडे स्विच हेही स्टॅकशिवाय करतात, पण स्वस्त गटात यासाठी बहुतेकदा स्टॅकच लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: सर्व्हर आणि इंटरनेटची लाइन ज्या दोन स्विचवर येते, ते स्टॅक होणारे घ्यावेत. टेबलांपर्यंत जाणारे स्विच साधे मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे), १० गिगाबिट अपलिंकचे असले तरी काम नीट होतं. वाचलेले पैसे पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या सोयीवर, लावावेत. २००३ च्या मानकात एका पोर्टवरून १५.४ वॅट मिळत, २००९ पासून ३० आणि २०१८ पासून ९० पर्यंत. अनेक स्विचवर पीओईच्या एकूण विजेचा म्हणून दिसणारा ३७० वॅटचा आकडा म्हणजे १५.४ वॅटचे जेमतेम २४ पोर्ट. ४८ पोर्टच्या स्विचवर वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, फोन आणि कॅमेरे सगळं लावायचं असेल तर ही बेरीज आधी करावी.

जुने स्विच घेताना आणखी काळजी लागते. कॅटॅलिस्ट २९६०-एसमध्ये स्टॅकचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं आणि त्यातली कमी सोयींची लॅन लाइट मॉडेलं स्टॅक होतच नाहीत. २९६०-एक्स आठपर्यंत स्टॅक होतो, पण त्यात एक जरी २९६०-एस मिसळला तर मर्यादा चारवर येते आणि वेगही जुन्याचाच मिळतो. एका स्टॅकमधल्या सगळ्या डब्यांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुळावं लागतं, आणि ते बदलताना साधारणपणे सगळा स्टॅक एकदम रीस्टार्ट होतो. स्वतंत्र स्विच असतील तर एकेक करून हे काम उरकता येतं, बाकीचं ऑफिस चालू ठेवून.