थिओडोर: शंभर वर्षांनी परतलेले नाव

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने १८८० पासून जन्मलेल्या मुलांच्या नावांची वर्षवार यादी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. एखाद्या वर्षी किमान पाच मुलांना दिलेले कोणतेही नाव तिथे सापडते. त्या यादीत थिओडोर या नावाचा माग काढावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पहिल्या पन्नासांत होते. पुढे घसरत घसरत शतक संपताना ते पहिल्या दोनशेंच्याही बाहेर गेले. २०२१ मध्ये मात्र ते दहावे आले आणि २०२४ मध्ये थेट चौथे. हे नाव मधली कित्येक दशके जुनाट, आजोबांचे मानले जात होते. मग ते परतले कसे?

आधी त्याचे मूळ पाहू. ग्रीक ‘थिओडोरॉस’मध्ये ‘थिओस’ म्हणजे देव आणि ‘डोरॉन’ म्हणजे भेट. अर्थाने हा आपला देवदत्तच. ‘डोरॉन’ आणि आपले ‘दान’, ‘दत्त’ हे शब्द एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत. पण ‘थिओस’ आणि ‘देव’ यांचे नाते नाही, कितीही सारखे वाटले तरी. ध्वनी बदलतात ते ठरावीक नियमांनी. संस्कृतात ‘द’ असेल तिथे ग्रीकमध्येही ‘द’सारखाच ध्वनी येतो आणि ग्रीक ‘थ’च्या जागी संस्कृतात ‘ध’ येतो. म्हणून ‘देव’चे खरे ग्रीक भावंड म्हणजे ग्रीकांचा देवराज झ्यूस; त्यातला ‘झ’ मूळच्या ‘द्य’पासून आला आहे. कानाला पटणारे साम्य असे नियमांवर घासून पाहता येते, हे मला भाषाशास्त्राचे मोठे यश वाटते.

हे नाव ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सायरीनचा गणिती थिओडोरस होऊन गेला. ३ पासून १७ पर्यंतच्या, पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांची वर्गमुळे अपरिमेय असल्याचे त्याने दाखवले, असे प्लेटो सांगतो. अर्थ सोयीचा असल्याने ख्रिस्ती लोकांनी नाव सहज स्वीकारले. इ. स. ६६८ मध्ये टार्ससचा थिओडोर इंग्लंडमधील कँटरबरीचा आर्चबिशप झाला. रशियात त्याचे फ्योदोर झाले, आणि दोन्ही घटक उलटे जोडून मुलींसाठी डोरोथिया झाले.

अमेरिकेत या नावाचे श्रेय बहुतेक जण थिओडोर रूझवेल्टला देतात. तो १९०१ ते १९०९ राष्ट्राध्यक्ष होता. त्याने शिकारीत बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला आणि त्यावरून ‘टेडी बेअर’ हे खेळणे निघाले. जुन्या लोकप्रियतेत त्याचा हात असेलही, पण आजच्या पुनरागमनाचे कारण तो नाही. शंभर वर्षांत त्याची कीर्ती नव्याने वाढलेली नाही. बदलली आहे ती नाव ऐकणाऱ्यांची पिढी.

मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की पालक एकमेकांची निव्वळ नक्कल करतात असे धरले, तरी नावांच्या लोकप्रियतेची एकूण मांडणी बऱ्यापैकी जुळते. मोजकी नावे खूप मुलांना आणि असंख्य नावे थोड्याथोड्यांना, अशी ती मांडणी. पण नुसती नक्कल पुरत नाही. २०२२ मध्ये मिचेल न्यूबेरी आणि जोशुआ प्लॉटकिन यांना आढळले की फार प्रचलित नावे घटू लागतात आणि दुर्मीळ नावे वाढू लागतात. निसर्गातही असे घडते: गप्पी माशांत वेगळ्या रंगाच्या दुर्मीळ नरांना फायदा मिळतो, पण ते संख्येने वाढले की तो फायदा विरतो.

अगदी नवे नावही दुर्मीळच असते, मग जुनेच का उचलले जाते? मला वाटते, इथे स्मृती काम करते. वडिलांच्या मित्रांचे नाव शिळे वाटते, आजोबांचे म्हातारे वाटते. पणजोबांच्या पिढीतले नाव धारण करणारे कोणी आसपास उरलेले नसते. त्यामुळे ते नवे वाटते आणि तरी अनोळखी नसते. नावे साधारण शंभर वर्षांनी परततात, या ढोबळ नियमामागचे हे कारण मला सर्वांत पटते. त्यात थिओडोरला ध्वनीची साथ मिळाली. लिओ, मातेओ अशी ‘ओ’कारान्त नावे कानांवर रुळली होती, आणि पूर्वीच्या ‘टेडी’ऐवजी ‘थिओ’ हे लघुरूप आयते हाती होते. हिब्रूतून आलेल्या मातेओचा अर्थही ‘देवाची भेट’च, आणि २०२४ च्या यादीत तोही पहिल्या दहांत आहे.

चौथ्या क्रमांकाचे वजन मात्र जपून मोजावे. १८८० मध्ये दर शंभर मुलग्यांत सुमारे आठ जॉन होते. आजचे अव्वल नाव लिअम शंभरात जेमतेम एकाला मिळते.

जोना बर्जर आणि गाएल ले मॉं यांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील नावे तपासली, तेव्हा झपाट्याने चढणारी नावे तितक्याच झपाट्याने उतरताना दिसली. थिओडोरची चढण वेगवान आहे, म्हणून त्याची उतरणही लवकर लागू शकते. दरम्यान १९४० आणि १९५० च्या दशकांत गाजलेली गॅरी, लॅरी, डेनिस ही नावे आज आजोबांची आहेत आणि पालक ती टाळतात. शतकाचा हिशेब खरा ठरला तर त्यांची पाळी २०५० च्या आसपास यायला हवी.