फ्लॉरेन्समधील छोट्या गटांच्या सांस्कृतिक सहली : पार्श्वभूमी

दहा-बारा जणांनी एका जाणत्या मार्गदर्शकासोबत फ्लॉरेन्समधील एखादे चर्च किंवा उफ्फिझी या कलासंग्रहालयातील दोन-चार दालने सावकाश पाहावीत, ही पद्धत आज नवी म्हणून सांगितली जाते. खरे तर हे शहर पाहण्याची जुनी रीत हीच होती.

सतराव्या-अठराव्या शतकांत उत्तर युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, उमरावांची मुले शिक्षण पुरे करण्यासाठी इटलीला येत. सोबत एक शिक्षक असे आणि गावात पोहोचल्यावर ‘चिचेरोने’ म्हणून ओळखला जाणारा स्थानिक जाणकार मिळे. रोमन वक्ता सिसेरो याच्या नावावरून हा शब्द रूढ झाला. योहान त्सोफानी याने १७७० च्या दशकात रंगवलेल्या उफ्फिझीतील त्रिबुना दालनाच्या चित्रात हे पाहुणे लहान-लहान घोळक्यांत, चित्रांना अगदी भिडून चर्चा करताना दिसतात.

या पाहुण्यांना पाहण्यासारखे काही उरले, याचे श्रेय प्रामुख्याने फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या शेवटच्या वारसदार आन्ना मारिया लुइसा यांना द्यावे लागते. १७३७ मध्ये त्यांचे बंधू जान गास्तोने निपुत्रिक वारले आणि तोस्कानाची, म्हणजे फ्लॉरेन्स राजधानी असलेल्या राज्याची, सत्ता लोरेन घराण्याकडे गेली. त्याच वर्षी केलेल्या कौटुंबिक करारात आन्ना मारिया लुइसा यांनी घराण्याचा कलासंग्रह नव्या राज्यकर्त्यांच्या स्वाधीन केला, पण त्यातील काहीही राज्याबाहेर नेता येणार नाही, अशी अट घातली. राज्याचे भूषण, जनतेचा उपयोग आणि परक्या पाहुण्यांचे कुतूहल ही कारणे त्या करारातच नमूद आहेत. मांतुआ या इटलीतीलच शहरावर राज्य करणाऱ्या गोंझागा घराण्याचा संग्रह शतकभर आधी इंग्लंडच्या राजाला विकला गेला होता. ते पाहता या अटीतील दूरदृष्टी विलक्षण वाटते. पुढे १७६९ मध्ये उफ्फिझी सर्वांसाठी खुली झाली.

रेल्वेने हे चित्र पालटले. इंग्लंडमधील सहल-आयोजक थॉमस कुक यांनी १८६४ मध्ये इटलीच्या सहली सुरू केल्या आणि मध्यमवर्गही मोठ्या संख्येने येऊ लागला. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होते. याच काळात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इंग्लंडहून परतणारे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज अवघ्या विशीत येथे निधन पावले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी रचला त्या चार्ल्स मँट यांनीच आराखडा केलेले महाराजांचे स्मारक काशिने उद्यानाच्या टोकाला आजही आहे. मराठी प्रवाशाने ते चुकवू नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गर्दी अनेक पटींनी वाढली. १९८२ मध्ये शहराचा जुना भाग जागतिक वारसा ठरला. अडचण मुळातली होती : उफ्फिझीची इमारत चित्रकार-वास्तुकार वसारी यांनी १५६० पासून बांधली ती सरकारी कचेऱ्यांसाठी, आणि चर्चमधली लहान उपासनागृहे तर एकेका कुटुंबाची. मोठ्या जमावाने तिथे आत शिरून काही नीट पाहणे शक्यच नव्हते. म्हणून अनेक ठिकाणी आगाऊ नोंदणी आणि संख्येची मर्यादा आली. अलीकडे जुन्या शहरात मार्गदर्शकांच्या ध्वनिवर्धकांवरही बंदी आली. १५६५ मध्ये मेदिचींना रस्त्यावर न उतरता नदीपलीकडच्या पित्ती महालात जाता यावे म्हणून बांधलेला वसारी यांचाच उंचावरचा मार्ग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला, तोही जास्तीत जास्त २५ जणांच्या गटांसाठी.