सायकल फुटपाथवर कशी चढली? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

जपानमध्ये १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षे पूर्ण झालेल्या सायकलस्वारांना मोटारवाल्यांसारखीच जागेवर दंडाची पावती देण्याचा नियम लागू झाला. हातात मोबाइल धरून सायकल चालवली तर १२ हजार येन, सिग्नल तोडला तर ६ हजार, फुटपाथवरून बेकायदा नेली तरी ६ हजार. मसुदा लोकांपुढे ठेवला गेला तेव्हा आलेल्या हरकतींचा मोठा भाग या तिसऱ्या मुद्द्यावर होता. मालमोटारी धावताहेत त्या रस्त्यावर मागे मूल बसवून सायकल न्यायची कशी, असा साधारण सूर. अखेर पोलिसांना खुलासा करावा लागला की नुसते फुटपाथवरून गेल्याबद्दल सहसा पावती फाडणार नाही, समज देऊन सोडू. पादचाऱ्याला धोका निर्माण केला तर मात्र दंड.

सिग्नल तोडणे, उलट दिशेने येणे, कानात इअरफोन कोंबणे या तक्रारी कुणाला नव्याने सांगायला नकोत. त्या बहुतेक शहरांत सारख्याच आहेत. फुटपाथचे तसे नाही. तिथे सायकलस्वार नियम मोडून गेला की नियमानेच त्याला तिथे धाडले, हे देशागणिक आणि दशकागणिक बदलत आले आहे, आणि बेशिस्तीवरच्या बहुतेक वादांचे मूळ तिथेच सापडते.

अगदी आरंभापासून हेच चालले आहे. १८१७ मध्ये जर्मनीत पॅडल नसलेली, पायाने जमीन मागे रेटत चालवायची दुचाकी निघाली. रस्त्यांना गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या, त्यामुळे स्वार गुळगुळीत फुटपाथवर आले आणि लगेच बंदी आली: मिलानमध्ये १८१८, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये १८१९, कलकत्त्यात १८२०. म्हणजे आजच्या अर्थाने ‘सायकल’ जन्मायच्या आधीच तिच्यावर मनाई होती. पुढे १८३५ च्या इंग्लिश कायद्याने रस्त्याकडेच्या पायवाटेवरून गाडी नेणे हा गुन्हा ठरवला आणि १८८८ च्या कायद्याने सायकलला ‘गाडी’ म्हटले, म्हणजे पायवाट बंद. त्याच कायद्याने पादचाऱ्याला मागे टाकताना घंटी वाजवण्याची सक्तीही केली. ती १९३० मध्ये गेली. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कने सुसाट सायकलवाल्यांना पकडायला सायकलवरच्या पोलिसांचे पथक उभे केले. हा सगळा काळ मजेदार आहे, पण आजच्या भांडणाशी त्याचा संबंध लांबचाच.

संबंध सुरू होतो मोटार आल्यावर. १९३४ मध्ये जर्मनीत बाजूला सायकलपथ असेल तर तोच वापरायची सक्ती झाली. त्याच वर्षी लंडनच्या पश्चिमेला एका नव्या हमरस्त्याच्या दोन्ही कडांना खास सायकलपथ बांधले गेले, तर तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनांनीच विरोध केला: आज सोय म्हणून देताय, उद्या रस्त्यावरून हाकलून द्याल. ती भीती त्या वेळी अनेकांना हट्टीपणा वाटली. जर्मनीतली सरसकट सक्ती १९९८ मध्ये गेली. २०१० मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले, रस्त्यावरून जाणे नेहमीपेक्षा ठळकपणे धोक्याचे असेल तिथेच सक्तीची पाटी लावता येईल. तोवर पंचाहत्तर वर्षे उलटली होती.

आता जपान. इथे थोडे थांबायला हवे, कारण दाट वस्तीच्या शहरांत फुटपाथ इतक्या मोठ्या प्रमाणावर सायकलींना खुला करण्याचा प्रयोग दुसरीकडे क्वचितच झाला असेल. १९६० च्या वाहतूक कायद्यात सायकल हे हलके वाहन होते आणि तिची जागा रस्त्यावर होती. पुढच्या दहा वर्षांत मोटारी इतक्या वाढल्या की १९७० मध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. तो उच्चांक आजवर मोडलेला नाही. वर्तमानपत्रे तेव्हा ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. त्या घबराटीत कायदा बदलून पाटी लावलेल्या फुटपाथवर सायकलला मुभा दिली गेली. त्याच वर्षी रस्तेबांधणीच्या नियमावलीत सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी एकत्रित पथ हा नवा प्रकार दाखल झाला. तातडीचा उपाय असे त्याचे स्वरूप होते. वेगळे सायकलपथ बांधायचा कायदाही त्याच सुमारास झाला होता, पण शहरातल्या अरुंद रस्त्यांवर जागा आणायची कुठून? पाटी ठोकणे स्वस्त पडले.

१९७८ मध्ये ही सवलत नीट शब्दांत बांधली गेली. किती लांब-रुंद सायकल फुटपाथवर चालेल (१९० आणि ६० सेंटिमीटर), ती रस्त्याकडच्या अर्ध्या भागातून न्यायची, लगेच थांबता येईल इतक्या वेगाने न्यायची, पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचे. कागदावर यात पादचाऱ्याचा मान पूर्ण राखलेला आहे. अडचण वेगाची. लगेच थांबता येईल असा वेग म्हणजे जेमतेम भरभर चालणाऱ्या माणसाइतका, आणि त्या वेगाला दोन चाकांवरचा तोल डगमगू लागतो. ज्याने कधी मुलाला सायकल शिकवली आहे त्याला हे ठाऊक असते: सरळ जायचे तर जरा जोर लावावाच लागतो. त्यामुळे नियम पाळणारा स्वार झोकांड्या खात जाणार आणि न पाळणारा सरळ, पण दुप्पट वेगाने. लोकांनी काय निवडले हे सांगायला नको. घंटीचेही तसेच. वाट मोकळी करून घ्यायला घंटी वाजवणे जपानी कायद्यात दंडनीय आहे, आणि फुटपाथवर रोज वाजते ती नेमकी त्याच कारणासाठी.

या निर्णयाचे समर्थक एक आकडा पुढे करतात आणि तो खरा आहे: १९७९ पर्यंत रस्त्यांवरचे मृत्यू ८,४६६ वर आले, जवळपास निम्मे. पण त्याच दशकात सिग्नल, पादचारी पूल आणि रस्त्याकडेचे कठडे यांचाही सपाटा लागला होता. श्रेय एकट्या फुटपाथला देणे हा सोयीचा हिशेब झाला. दुसरी बाजूही बघायला हवी. फुटपाथवरची सायकल मोटारीपासून सुरक्षित वाटते ती दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात. चौकात, गल्लीच्या तोंडाशी, इमारतीच्या फाटकापाशी ती अचानक चालकापुढे येते, कारण वळणारा चालक रस्त्यावर नजर ठेवून असतो, फुटपाथवर चालण्याच्या तिप्पट वेगाने येणाऱ्या वाहनाची त्याला अपेक्षाच नसते. त्यातून स्वार उलट दिशेने येत असेल तर काही विचारूच नका. फुटपाथवर दोन्ही दिशांना चालायची मुभा आणि सवय असल्याने ही उलट दिशा स्वाराला चुकीची वाटतच नाही. तीच सवय मग रस्त्यावरही उतरते.

झेब्रा पट्ट्यांच्या शेजारी सायकलसाठी वेगळा पट्टा आखला गेला तोही याच काळात. रस्त्यावरून सरळ जाणाऱ्याला चौकात थोडे बाजूला वळून या पट्ट्यातून पुढे जावे लागे. मागून येणाऱ्या चालकाला वाटे, हा वळतोय; तोही वळे आणि धडक होई. २०११ नंतर हे पट्टे पुसायला सुरुवात झाली. तीस वर्षांहून अधिक काळ नियम पाळणाराच त्या जागी जास्त धोक्यात होता, ही गोष्ट बेशिस्तीवर बोलताना कुणी काढत नाही.

दरम्यान सायकलच बदलली होती. फुटपाथच्या सवलतीत वाढलेली सायकल म्हणजे जड, ताठ बसायची, पुढे टोपली असलेली. १९९३ मध्ये विजेचे साहाय्य देणारी सायकल जपानमध्ये विक्रीला आली. २००८ अखेर साहाय्याची कमाल मर्यादा वाढवली गेली आणि २००९ मध्ये दोन लहान मुलांना घेऊन जायला परवानगी मिळाली. आता फुटपाथवर येणारी वस्तू तीस किलोच्या आसपासची, वर मोठे माणूस आणि दोन मुले. टक्कर झाली तर किती लागेल हे वजनाबरोबर वाढते आणि वेगाच्या वर्गाबरोबर (वेग गुणिले वेग) वाढते: १५ ऐवजी २५ किलोमीटरचा वेग असेल तर धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. म्हातारे पादचारी वाढत होते, तिकडे सायकली जड होत होत्या.

सरकारने उलटे फिरायला सुरुवात केली ती दबकत. २००७ च्या दुरुस्तीत तत्त्व पुन्हा सांगितले गेले, सायकल रस्त्यावरच. पण तेरा वर्षांखालील मुले, सत्तरीपुढचे वृद्ध, अपंग आणि ‘नाइलाज असेल तेव्हा’ कुणीही फुटपाथ वापरू शकेल अशी पुस्ती जोडली गेली. तत्त्व आणि पुस्ती यांत लोकांनी पुस्ती उचलली. ऑक्टोबर २०११ मध्ये पोलिसांनी आदेश काढला की तीन मीटरपेक्षा अरुंद फुटपाथवरची सायकल-मुभा फेरविचारात घ्या. डिसेंबर २०१३ पासून रस्त्याच्या कडेपट्टीतही फक्त डाव्या बाजूनेच जायचे. जून २०१५ पासून चौदा वर्षांपुढचा स्वार तीन वर्षांत दोनदा धोकादायक कृत्यात सापडला तर सक्तीचा प्रशिक्षणवर्ग.

या सगळ्यापेक्षा जास्त खळबळ उडवली ती कोबे शहरातल्या न्यायालयाने. २००८ मध्ये उतारावरून वेगाने आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची सायकल एका चालत्या महिलेवर आदळली आणि ती कायमची बेशुद्ध राहिली. २०१३ मध्ये मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई द्यायचा निकाल लागला. हेल्मेट घालायला आणि वेग आवरायला शिकवले होते, हा आईचा बचाव टिकला नाही. कोबे ज्या प्रांतात येते त्याने २०१५ मध्ये सायकलसाठी विमा सक्तीचा केला आणि मग इतर प्रांत मागोमाग आले. माझ्या मते सायकल म्हणजे खेळणे नव्हे हे जपानी पालकांना पटवण्यात पोलिसांच्या पत्रकांपेक्षा या रकमेचा वाटा मोठा आहे.

ब्रिटनची वाट वेगळी, पण अडखळली त्याच दगडाला. फुटपाथवर सायकल चालवणे तिथे त्या १८३५ च्याच कायद्याने गुन्हा. १९९९ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी जागेवर दंड करायची सोय झाली आणि सोबतच संबंधित मंत्र्याने पत्र काढले: वाहनांच्या भीतीने वर चढलेल्या आणि इतरांची काळजी घेणाऱ्या स्वारावर कारवाई अपेक्षित नाही, विशेषतः मुलांवर. म्हणजे दंड आहे, पण सर्वांना नाही, आणि कुणाला करायचा हे शिपायाने तिथेच ठरवायचे. जपानी पोलिसांचा २०२६ च्या तोंडावरचा खुलासा या पत्राचा जुळा भाऊ वाटतो.

तिथेच फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलच्या धडकेने लंडनमध्ये एक पादचारी महिला दगावली. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून स्वार सुटला आणि शिक्षा झाली ती घोडागाड्यांच्या काळातल्या, १८६१ च्या कलमाखाली: अठरा महिने, जास्तीत जास्त शक्य होते दोन वर्षे. तेव्हापासून सायकलसाठी वेगळा गुन्हा हवा ही मागणी तापत राहिली. २०२५ मध्ये संसदेपुढच्या विधेयकात धोकादायक सायकल चालवून मृत्यू घडवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद मांडली गेली. असे मृत्यू मोटारींच्या तुलनेत फारच थोडे, असे विरोधक म्हणतात. ते खरे आहे, आणि मेलेल्याच्या घरच्यांना ते ऐकवण्यात काही अर्थ नाही हेही खरे.

नेदरलँड्समध्ये भांडण फुटपाथवर नसून सायकलपथावरच आहे, कारण फुटपाथवर चढायची गरज तिथे फारशी पडली नाही. १९९९ च्या अखेरीस वस्तीतल्या मोपेड सायकलपथावरून रस्त्यावर आणल्या गेल्या. हलक्या मोपेड तशाच राहिल्या. त्यांना ॲम्स्टरडॅमने एप्रिल २०१९ मध्ये बाहेर काढले. त्याच वर्षी १ जुलैपासून सायकल चालवताना हातात मोबाइल धरायला बंदी आली, दंड तेव्हा ९५ युरो. आता तक्रार आहे जाड टायरांच्या विजेच्या सायकलींची. ताशी २५ किलोमीटरची युरोपीय मर्यादा त्यांत सहज फेरफार करून ओलांडता येते आणि चालवणारे बरेचदा शाळकरी पोर असते.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये उलटाच विचार केला: ‘थांबा’ (स्टॉप) लिहिलेल्या पाटीपाशी सायकलस्वार पूर्ण थांबत नाहीत, किरकोळ खटल्यांनी न्यायालये भरताहेत, तर त्यांना वेग कमी करून, बघून पुढे जाऊ द्या. दुसरे राज्य मागोमाग यायला २०१७ उजाडले.

जपानमध्ये जुलै २०२३ पासून रस्त्यावर एक नवा पाहुणा आहे. सोळा वर्षांपुढच्या कुणालाही परवान्याशिवाय चालवता येणारी विजेची स्कूटर, कमाल वेग ताशी २०. ती मुभा असलेल्या फुटपाथवरही चढू शकते, मात्र वेग ६ वर बांधून आणि हिरवा दिवा लुकलुकता ठेवून. १९७८ मध्ये सायकलला ‘लगेच थांबता येईल असा’ एवढेच सांगितले होते. स्कूटरला निदान आकडा दिला आहे. तो आकडा पाळला जातो की नाही हे बघायची जबाबदारी त्याच पोलिसांवर आहे ज्यांना २०२६ पासून सायकलच्या पावत्याही फाडायच्या आहेत.